आत्याची सिकाई

आमच्या इंदूरच्या घरांत कर्करोग हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नाही. 'गाठ' म्हणतात, 'तो आजार' म्हणतात. किरणोपचारालाही इथे एक शब्द आहे आणि तो हिंदीतून आपल्या मराठीत अगदी पाट मांडून बसलाय : सिकाई. "आत्याची सिकाई सुरू झाली का?" "किती सिकाया झाल्या?" गुडघा दुखला की गरम पाण्याच्या पिशवीनं करतो तीही सिकाई, आणि दवाखान्यात त्या मोठ्या मशीनखाली झोपवून करतात तीही सिकाईच.

गेल्या वर्षी आषाढात माझ्या आत्याच्या स्तनातली गाठ काढली. आत्या अडुसष्ट वर्षांची. शस्त्रक्रिया नीट पार पडली, पण नजरेला न दिसणाऱ्या काही पेशी मागे राहिल्या असतील तर त्यांचा बंदोबस्त व्हावा म्हणून डॉक्टरांनी किरणोपचार सांगितले. रोज २ ग्रे, सोमवार ते शुक्रवार, अशा २५ बैठका. एकूण ५० ग्रे.

पहिल्या आठवड्यातच घरात दोन गोष्टी झाल्या. आत्यानं स्वतःच आपलं ताट-वाटी वेगळी काढली. आणि रोज संध्याकाळी तिच्या मांडीवर बसून गोष्ट ऐकणाऱ्या सहा वर्षांच्या नातवाला तिनं दारातूनच परत पाठवलं. "माझ्या अंगात किरणं आहेत रे बाळा. नको जवळ येऊस." ते पोर दाराशी उभं राहून रडलं.

मी अठ्ठावीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतेय. घरात मला कुणी विचारलं नाही आणि मीही आपणहून बोलले नाही, ही माझी चूक. तोंड उघडायला लावलं ते बारावीतल्या भाचीनं. ती म्हणाली, "मावशी, सिकाई म्हणजे गरम करून पेशी जाळतात ना? मग आत्याआजीला मशीनखाली गरम का लागत नाही?"

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर जे बोलणं झालं, तेच इथे सविस्तर लिहिते आहे. आपल्या मंडळाच्या बऱ्याच घरांत हा आजार येऊन गेला आहे. ज्या घरात आला असेल तिथल्या मुलामुलींनी तरी हे वाचावं.

उष्णता आहे कुठे?

आधी हिशेब करू. ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक. एक किलो वजनाच्या ऊतीत एक ज्यूल ऊर्जा जिरली की १ ग्रे झाला. आत्याला रोज मिळत होते २ ग्रे, म्हणजे किलोमागे २ ज्यूल. एक किलो पाणी एका अंशानं तापवायला सुमारे ४,१८६ ज्यूल लागतात. भागाकार करून बघा : तापमान वाढलं अंशाच्या दोन हजाराव्या भागाइतकं. ताप मोजायच्या थर्मामीटरला ते कळणारही नाही.

आता उलट बाजू बघा. माणसाच्या संपूर्ण शरीराला एकदम ४ ग्रेच्या आसपास मात्रा मिळाली आणि उपचार झाले नाहीत, तर अशा माणसांपैकी जवळजवळ निम्मी दगावू शकतात. साठ किलोच्या माणसात ही एकूण ऊर्जा झाली २४० ज्यूल. गरम चहाचा एक छोटा घोट घेतला की तेवढीच उष्णता पोटात जाते. चहाच्या घोटानं कुणी मरत नाही, मग त्या किरणांनी का मरावं?

कारण चहाची ऊर्जा अब्जावधी रेणूंमध्ये थोडी थोडी वाटली जाते. सगळे रेणू जरासे जास्त थरथरतात, मोडत कुणीच नाही. क्ष-किरण किंवा गॅमा किरण मात्र आपली ऊर्जा मोठ्या गठ्ठ्यांनी, मोजक्या ठिकाणी टाकतात. जिथे गठ्ठा पडतो तिथला इलेक्ट्रॉन रेणूतून उपटून बाहेर फेकला जातो. इलेक्ट्रॉन गेला की मागे आयन उरतो, म्हणून हे 'आयनकारी' किरण.

इथे भाचीनं मोबाईल वर केला, "मग हा?" पाण्याच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढायला सुमारे १२.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. मोबाईलच्या लहरींचा एक गठ्ठा याच्या लाखाव्या भागापेक्षाही लहान असतो. असे कितीही गठ्ठे आले तरी त्यांतला एकही इलेक्ट्रॉन उपटू शकत नाही. मोबाईलवर रागवायला आईबाबांकडे दुसरी भरपूर कारणं आहेत, हे नको.

मार पडतो पाण्यावर

आपल्याला वाटतं किरण येतो आणि बाणासारखा डीएनएवर बसतो. तसंही होतं, पण कमी वेळा. पेशीच्या वजनात सुमारे सत्तर टक्के पाणी. त्यामुळे किरणाच्या वाटेत सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो पाण्याचा रेणू.

त्याचा इलेक्ट्रॉन उडाला की तो धनभारित होतो. हा भारित रेणू लगेच, सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागाहूनही कमी वेळात, शेजारच्या पाण्याच्या रेणूला आपला एक प्रोटॉन देऊन टाकतो. उरतो तो हायड्रॉक्सिल मूलक : एक ऑक्सिजन, एक हायड्रोजन आणि जोडीदार नसलेला एक एकटा इलेक्ट्रॉन. या एकट्या इलेक्ट्रॉनला जोडीदार हवा असतो, आणि समोर जो सापडेल त्याच्याकडून तो ओढून घेतो.

हायड्रॉक्सिल मूलक इतका अधाशी असतो की पेशीत तो सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आसपासच टिकतो आणि फार तर काही नॅनोमीटर सरकतो. डीएनएची जाडी २ नॅनोमीटर. म्हणजे पेशीच्या दुसऱ्या टोकाला तयार झालेला मूलक डीएनएपर्यंत पोचणारच नाही, वाटेतच कशावर तरी खर्ची पडेल. इजा करतं ते डीएनएच्या अंगाला लागून असलेलं पाणी. क्ष-किरणांनी डीएनएची जी हानी होते तिच्यातला सुमारे दोन-तृतीयांश भाग असा पाण्यामार्फत होतो, असा अंदाज आहे. उरलेला थेट माराचा.

गोफाचे पदर कसे तुटतात

डीएनए हा दोन पदरांचा गोफ. प्रत्येक पदराचा कणा साखर आणि फॉस्फेट यांच्या एकाआड एक कड्यांनी बनलेला. आतल्या बाजूला चार प्रकारचे बेस, अॅडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन, एकमेकांसमोर जोडीनं बसलेले.

हायड्रॉक्सिल मूलक यात दोन प्रकारे हात घालतो. पहिला प्रकार बेसवर. तो त्यांच्या दुहेरी बंधाला चिकटतो. ग्वानिनला चिकटला की पुढे त्याचं ऑक्सो-ग्वानिन होऊ शकतं. दिसायला फरक थोडाच, पण पेशी नक्कल काढायला बसली की ती फसते. ग्वानिनसमोर सायटोसिन हवं, त्याऐवजी कधीकधी अॅडेनिन बसतं. एक अक्षर चुकलं. असा चुकीचा मजकूर पुढच्या पेशींत गेला की त्याला उत्परिवर्तन म्हणतात. क्ष-किरणांनी उत्परिवर्तनं होतात हे हर्मन म्युलर यांनी १९२७ मध्ये फळमाश्यांवर दाखवून दिलं, डीएनएची रचना कळण्याच्या पाव शतक आधी. त्याबद्दल त्यांना १९४६ चं नोबेल मिळालं.

दुसरा प्रकार कण्यावर. मूलक साखरेच्या कड्यातला एक हायड्रोजन खेचून घेतो. आता ती साखरच मूलक झाली, अस्वस्थ झाली. पुढच्या काही रासायनिक पायऱ्यांत शेजारचा फॉस्फेटचा बंध सुटतो आणि पदर तुटतो.

१ ग्रे मात्रा मिळाली की एका पेशीत एकपदरी तुटी सुमारे हजार होतात, बिघडलेले बेस हजाराहून अधिक, आणि दोन्ही पदर जवळजवळ एकाच जागी तुटण्याचे प्रसंग साधारण २० ते ४०. आकडे ऐकून भाचीनं डोळे विस्फारले. तिला म्हटलं, थांब. तू काहीही न करता, नुसती अभ्यासाला बसलेली असतानाही, तुझ्या प्रत्येक पेशीतल्या डीएनएला दिवसाकाठी हजारो इजा होत असतात. श्वासातून आलेला ऑक्सिजन, शरीराची ऊब, साधं पाणी, सगळेच थोडंथोडं कुरतडत असतात. आणि पेशी ते दुरुस्त करत असते.

मग किरणांचं वेगळं काय? संख्या नव्हे, गर्दी. रोजच्या इजा लांब लांब पसरलेल्या असतात. किरणानं उडवलेला इलेक्ट्रॉन मात्र धावता धावता मंदावतो, आणि शेवटच्या टप्प्यात अगदी थोड्या जागेत उरलेली सगळी ऊर्जा टाकतो. तिथे चार-सहा आयन एकाच ठिकाणी बनतात. ती जागा नेमकी डीएनएजवळ असेल तर दहा-वीस अक्षरांच्या टप्प्यात तीनचार इजा एकदम होतात. एक पदर तुटला तर समोरचा पदर बघून पेशी तो जसाच्या तसा भरून काढते. वहीतली ओळ पुसली गेली तर शेजारच्या मुलीच्या वहीवरून उतरवून घेतो तसंच. पण दोघींच्या वह्या त्याच ओळीवर फाटल्या, तर उतरवायचं कुठून?

प्राणवायूची शर्यत

आता या गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा भाग. मूलकानं हायड्रोजन ओढून नेल्यावर डीएनएवर जी अस्वस्थ जागा उरते, तिच्याकडे त्याच क्षणी दोघं धावतात. एक आहे ग्लुटाथायोन. पेशीतला हा गंधकयुक्त रेणू आपला हायड्रोजन देऊन ती जागा पूर्ववत करतो. जणू काही झालंच नव्हतं. दुसरा ऑक्सिजन. तो त्या जागेला चिकटून पेरॉक्सिल मूलक बनवतो, आणि तिथून इतकं सोपं परतणं नाही. इजा पक्की होते. ही शर्यत सेकंदाच्या काही हजाराव्या भागांत संपते.

म्हणून ज्या पेशींना भरपूर ऑक्सिजन मिळतो त्या क्ष-किरणांनी जास्त मरतात. ऑक्सिजन नसेल तर तोच परिणाम साधायला अडीच ते तीन पट मात्रा लागते. मोठ्या गाठींच्या आतल्या भागात रक्त नीट पोचत नाही, तिथल्या पेशी ऑक्सिजनविना असतात आणि म्हणून चिवट ठरतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ लुईस हॅरॉल्ड ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये हे नीट मांडलं. पुढे १९७५ मध्ये मात्रेच्या एककाला त्यांचंच नाव दिलं गेलं. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात किरणोपचार चालू असताना हिमोग्लोबिनवर डॉक्टर बारीक नजर ठेवतात, त्यामागेही हेच आहे.

याच शर्यतीतून घरच्यांसाठी एक सूचना निघते. उपचार चालू असताना हितचिंतक 'अँटिऑक्सिडंट' म्हणून गोळ्या, पावडरी, काढे आणून देतात. आमच्याकडेही तीन डबे आले. पण अशा पदार्थांचा मोठा डोस मूलकांना शांत करू लागला, तर तो चांगल्या पेशी वाचवेल आणि गाठीच्या नाही, याची हमी कोण देणार? रोजचं जेवण, आवळा-लिंबू-फळं खुशाल खावीत. गोळ्यांचे डबे मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उघडू नयेत.

पंचवीस वेळा कशाला?

सगळे ५० ग्रे एकाच दिवशी देऊन मोकळं का होत नाहीत? कारण वाटेतल्या चांगल्या पेशींनाही मार बसतोच. पण त्यांची दुरुस्तीची यंत्रणा शाबूत असते. बिघडलेला बेस कापून काढून नवा बसवणारी विकरं असतात, तुटलेली टोकं जोडणारी असतात. आजचे २ ग्रे झाले की उद्या सकाळपर्यंत त्यांचं बरंचसं काम उरकलेलं असतं. कर्करोगाच्या पेशींची ही यंत्रणा अनेकदा अर्धवट बिघडलेली असते, आणि त्या इजा तशाच घेऊन विभाजनाला निघतात. तुटक्या गुणसूत्रांचे दोन सारखे वाटे करता येत नाहीत आणि पेशी तिथेच संपते. रोज थोडं थोडं दिल्यानं दोघींमधलं हे अंतर वाढत जातं. क्लॉड रेगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅरिसमध्ये १९२० च्या दशकात मेंढ्यांवर केलेल्या प्रयोगांतून ही दिशा मिळाली. डीएनएच्या दुरुस्तीची रीत उलगडणाऱ्या तोमास लिंडाल, पॉल मॉडरिच आणि अझीझ सँकार यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पेशी लगेच मरत नाही, विभाजनाच्या वेळी मरते, हे कळलं की आत्याच्या कातडीचं कोडंही सुटतं. पहिले दोन आठवडे तिथे काहीच दिसलं नाही. तिसऱ्या आठवड्यात त्वचा लालसर झाली, मग काळवंडली, थोडी सोलवटली. सगळे म्हणाले, "बघा, भाजलंच की!" भाजलं नव्हतं. आपली वरची त्वचा रोज झिजते आणि खालच्या थरातून नव्या पेशी येऊन ती भरून निघते. त्या खालच्या पेशींचं विभाजन अडलं होतं, म्हणून वरचं झिजलेलं भरून येईना. उपचार संपल्यावर काही आठवड्यांत ती सावरली.

लासलगावचा कांदा

मग अंगात किरण राहतात का? हे समजवायला मला कांदा उपयोगी पडला. नाशिक जिल्ह्यात लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्रानं उभारलेलं विकिरण केंद्र आहे. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची शंभर ग्रेच्या आतली मात्रा दिली की कांद्याला कोंब फुटत नाही. कोंबाच्या टोकाशी असलेल्या, विभाजनाला टपलेल्या पेशींचा डीएनए तुटतो, बस्स. कांदा तसाच राहतो. २००७ मध्ये आपला हापूस अमेरिकेला पुन्हा जाऊ लागला तोही किमान ४०० ग्रे घेऊनच, फळातल्या किडीची पुढची पिढी होऊ नये म्हणून. आपल्या इंदूरलाही राजा रामण्णा केंद्रानं इलेक्ट्रॉन त्वरकानं वैद्यकीय साहित्य निर्जंतुक करण्याची सोय उभारली आहे.

असा कांदा, असा आंबा खाणाऱ्याला किरण लागत नाहीत, कारण त्यांच्यात किरण साठलेलेच नसतात. खोलीतला दिवा मालवला की भिंतीत उजेड शिल्लक राहतो का? तसंच. मशीन बंद झालं की किरण संपले. मागे राहते ती तुटलेल्या रेणूंची रसायनं, आणि ती दुसऱ्याच्या अंगाला लागत नाहीत. आत्याच्या खोलीत बसावं, तिच्या ताटातलं खावं, तिच्या कुशीत झोपावं. तिच्यापासून कुणाला काही होण्याचा प्रश्नच नाही.

एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवा. थायरॉईडसाठी किरणोत्सारी आयोडीन पोटात देतात, किंवा काही आजारांत किरणोत्सारी कण शरीरातच ठेवतात. तिथे स्रोतच अंगात असतो, आणि काही दिवस लहान मुलं व गर्भवती यांच्यापासून किती लांब राहायचं हे दवाखाना सांगतो. ते तंतोतंत पाळायचं. म्हणून पहिल्याच दिवशी विचारावं : किरण बाहेरून देणार की आतून?

महालक्ष्म्या

एवढं बोलून झालं आणि आत्यानं खरी अडचण काढली. भाद्रपदात महालक्ष्म्या. चाळीस वर्षं तिनं स्वतः उभ्या केलेल्या. "मी डॉक्टरला सांगणार आहे, ते चार दिवस नाही यायची. नंतर चार जास्त घेईन."

भाचीनंच तिला अडवलं. "आत्याआजी, दुरुस्तीला एक रात्र देतात ती चांगल्या पेशींसाठी. चार दिवस दिलेस तर उरलेल्या वाईट पेशींनाही वाढायला वेळ मिळेल ना!" पोरगी बरोबर बोलली होती. तोंडाच्या, घशाच्या, गर्भाशयमुखाच्या कर्करोगात उपचार मध्येच लांबले तर त्यांचं फळ कमी होतं, हे दिसून आलेलं आहे. आत्याच्या डॉक्टरांनीही दुसऱ्या दिवशी तेच सांगितलं : शनिवार-रविवारची सुट्टी धरलेलीच आहे, त्यापलीकडे नको.

मग आम्ही वेळा जुळवल्या. पूजनाच्या दिवशी सकाळी आठला आत्याला घेऊन मी दवाखान्यात गेले. मशीनखाली ती काही मिनिटंच असते. दहाच्या आत आम्ही घरी होतो. पुरणाचा घाट वहिनीनं घातला, सोळा भाज्या भाचीनं चिरल्या, आणि आत्यानं खुर्चीवर बसून सगळ्यांच्या चुका काढल्या. ती दमली होती. थकवा येतोच, तोही सांगून ठेवावा घरच्यांना, म्हणजे कुणी "तू तर नुसती झोपूनच असतेस" असं म्हणत नाही.

जेवायला बसताना वहिनीनं तिचं वेगळं काढलेलं ताट उचलून सगळ्यांच्या ताटांत मिसळून टाकलं. कुठलं कुणाचं ते कळेना. नातू दारात घुटमळत होता. आत्यानं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली.

"ये रे," ती म्हणाली. "मशीन बंद झालं."

तो पळत आला तो थेट मांडीवर. मग वर बघून त्यानं विचारलं, "आज किती झाल्या, आजी?"

"सतरा सिकाया," आत्या म्हणाली. तो शब्द काही तिनं सोडला नाही. आम्हीही सुधारायला गेलो नाही.